बिऱ्हाड बदलले, आता कर्जाच्या अर्जावर पत्ता कोणता लिहावा?

श्रोतेहो, गणपतीचे दिवस आले की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्या जाग्या होतात. वर्षभर कुलूप असलेली दारे उघडतात, चुली पेटतात आणि मुंबईचा चाकरमानी अंगणात खुर्ची टाकून बसतो. अशाच एखाद्या दिवशी संगमेश्वर तालुक्यातला एक चाकरमानी कर्जाचा छापील अर्ज घेऊन शाळेच्या गुरुजींकडे येतो, अशी कल्पना करा. गावच्या घराची कौले बदलायची आहेत, थोडे कर्ज हवे आहे. अर्ज निम्मा भरून झाला आहे. पण पत्त्याच्या रकान्याशी येऊन पेन थांबले आहे.

"गुरुजी, हितं पत्ता कुठला टाकू? घर तर गावात हाय. आधार कार्डावर लालबागच्या चाळीचा पत्ता हाय. आणि चार महिने झाले, ऱ्हायला गेलोय नालासोपाऱ्याला."

माणूस एक आणि पत्ते तीन! हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली, म्हणजे वाढण्याऐवजी घटली. त्याच जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. कर्ते पुरुष पोटापाण्यासाठी बाहेर आहेत, हेच हे आकडे सांगतात. ज्या जिल्ह्यात निम्मे घर गावी आणि निम्मे शहरात असते, तिथे 'तुमचा पत्ता काय?' या साध्या प्रश्नाचे उत्तर साधे राहत नाही. म्हणून आज त्याचाच थोडा विचार करू.

आधी हे पाहू, की कर्ज देणाऱ्याला आपला पत्ता हवा कशासाठी? त्याची तीन कारणे आहेत. पहिले, अर्ज करणारा माणूस खरोखरच तोच आहे याची खात्री करणे. दुसरे, त्याला पत्र धाडायचे किंवा भेटायचे झाले तर तो कुठे सापडेल हे कळणे. आणि तिसरे, उद्या हप्ता थकला तर कायद्याची नोटीस कोठे पाठवायची हे ठरवणे. ही तीन कामे ध्यानात ठेवली म्हणजे अर्धा गोंधळ मिटतो. आपण 'आपले घर कोणते' याचा विचार मायेने करतो. बँक विचारते ते कामापुरते.

आता मुख्य नियम सांगतो. ज्या दिवशी अर्जावर सही कराल, त्या दिवशी तुम्ही जिथे झोपता, उठता, जेवता, तो तुमचा 'सध्याचा पत्ता'. घर भाड्याचे असो, भावाचे असो की चाळीतली खोली असो. मालकी कोणाची याला इथे महत्त्व नाही. आणि जिथे तुमचे मूळ घर आहे, जिथे गेल्यावर तुमचा ठावठिकाणा नक्की लागेल, तो 'कायमचा पत्ता'. बहुतेक अर्जांत हे दोन रकाने वेगवेगळे असतात. ते वेगळे भरावेत. तेव्हा आपल्या चाकरमान्याने सध्याच्या पत्त्यात नालासोपारा लिहावे, कायमच्या पत्त्यात संगमेश्वरचे गाव लिहावे आणि 'मागील पत्ता' असा रकाना असेल तर तिथे लालबाग लिहावे. 'या पत्त्यावर किती काळ राहता?' असे विचारले असेल तर चार महिने म्हणजे चार महिनेच लिहावे. चाराचे चाळीस करू नयेत.

कोणी म्हणेल, "सगळीकडे गावचाच पत्ता दिला तर काय बिघडलं? घर तर आपलंच आहे ना?" बिघडते ते असे. कर्ज मंजूर करण्यापूर्वी बँकेचा किंवा तिने नेमलेला माणूस पुष्कळदा पत्त्यावर येऊन पाहणी करतो. तो गावी आला, दाराला कुलूप दिसले आणि शेजारची आजी म्हणाली, "तो होय? तो मुंबैला असतो. शिमग्याला येईल," की आजी खरे बोलली, पण तपासनिसाने कागदावर लिहिले, 'अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.' मग अर्ज मागे पडतो. माणूस प्रामाणिक, घर खरे, आणि तरी संशय आला. कारण खरा पत्ता चुकीच्या रकान्यात बसला.

उलट, पुढच्या महिन्यात जिथे राहायला जायचे आहे तो पत्ता आजच लिहून टाकणे हीही चूकच. तिथे अजून तुम्हाला कोणी ओळखत नाही. कर्जाची घाई नसेल तर आधी बिऱ्हाड हलवावे, कागद बदलून घ्यावेत आणि मग अर्ज करावा. घाई असेल तर आजचा पत्ता लिहून, अमुक तारखेला घर बदलणार आहे असे अधिकाऱ्याला लेखी कळवावे. मात्र कर्ज मिळावे म्हणून जिथे आपण राहत नाही तो पत्ता जाणूनबुजून देऊ नये. ती लबाडी ठरते, आणि फसवणुकीच्या कलमापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

पत्ता लिहिला, पण पुरावा? आपला चाकरमानी इथेच अडतो. आधार कार्डावर लालबाग आहे, नालासोपाऱ्याचा कागद जवळ नाही. यावर रिझर्व्ह बँकेने २०१६ साली घालून दिलेले आणि पुढे वेळोवेळी सुधारलेले नियम आहेत. त्यांना 'केवायसी' म्हणतात. मराठीत सांगायचे तर 'आपल्या ग्राहकाला ओळखा'. ओळख आणि पत्ता यांसाठी मान्य कागद ठरलेले आहेत: पासपोर्ट, वाहन चालवण्याचा परवाना, मतदार ओळखपत्र, आधार, रोजगार हमीचे राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेले जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे पत्र. आपल्याकडे माणसे आधी रेशनकार्ड पुढे करतात; ते या यादीत नाही. पॅन कार्डही पत्त्याच्या कामाचे नाही, कारण त्यावर पत्ताच छापलेला नसतो.

या कागदावर जुना पत्ता असेल तर तात्पुरती सोय आहे. दोन महिन्यांहून जुने नसलेले वीज, पाणी, दूरध्वनी किंवा नळाच्या गॅसचे बिल, घरपट्टीची पावती, सरकारी निवृत्तिवेतनाचा पत्ता असलेला आदेश, किंवा सरकारी खात्याने वा तत्सम मालकाने दिलेले निवासस्थान वाटपाचे पत्र चालते. मात्र तेवढ्याने काम संपत नाही. तीन महिन्यांच्या आत नव्या पत्त्याचा मुख्य कागद आणून द्यावा लागतो. यात आणखी एक सवलत आहे. आपले कष्टकरी परगावी जातात हे ध्यानात घेऊन नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने नियम दुरुस्त केला. आधारची पडताळणी करून खाते उघडताना सध्याचा पत्ता आधारवरच्या पत्त्याहून वेगळा असेल, तर माणसाला तसे स्वतःचे लेखी निवेदन देता येते. ज्याचे बँकेत आधीच खाते आहे आणि फक्त पत्ता बदलला आहे, त्यालाही असे निवेदन देता येते. मग बँकेने दोन महिन्यांत पत्र पाठवून किंवा माणूस धाडून तो पत्ता पडताळायचा असतो.

"पण वीज बिल घरमालकाच्या नावावर!" ही तक्रार घरोघरची. त्यावर उपाय असा. आपल्या राज्यात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाड्याचा करार लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे. ही जबाबदारी घरमालकाची आहे. तो नोंदवलेला करार हाती ठेवावा आणि त्याच्या आधारे आधारवरचा पत्ता बदलून घ्यावा. एकदा आधार सुधारले की पुढची दारे आपोआप उघडतात. मुलगा, सून, आई यांच्या नावावर कोणताच कागद नसेल तर कुटुंबप्रमुखाच्या आधारे त्यांचा पत्ता बदलण्याची सोय २०२३ पासून आहे. मतदार यादीतले नाव नव्या ठिकाणी नेण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो. दोन ठिकाणी नाव ठेवू नये, कायदा त्याला परवानगी देत नाही.

आता माय-भगिनींसाठी दोन शब्द. घर सर्वांत जास्त वेळा कोण बदलते? लग्न होऊन सासरी जाणारी मुलगी. तिचा पत्ता बदलतो आणि पुष्कळदा नावही बदलते. बचत गटाचे, शिवणयंत्राचे किंवा दुभत्या जनावराचे कर्ज काढायला ती गेली की आधार माहेरचे, नाव माहेरचे आणि राहणे सासरचे! तिने सध्याचा पत्ता सासरचाच द्यावा. नाव बदलले असेल तर जुन्या नावाच्या ओळखपत्रासोबत विवाह नोंदणीचा सरकारी दाखला जोडावा. तसा दाखला जोडला की जुन्या नावाचा कागद ग्राह्य धरावा, असे नियमातच आहे. म्हणून लग्नाची नोंदणी ही केवळ हौस नव्हे, बरे का!

शिक्षक बंधु-भगिनींचा प्रश्न थोडा निराळा. आज मंडणगड, तर उद्या राजापूर. कित्येक गुरुजी कर्जाच्या अर्जावर राहत्या घराऐवजी शाळेचा पत्ता देतात; म्हणतात, "शिपाई पत्र आणून देतो, हरवत नाही." बदली झाली की पत्र शाळेतच पडून राहते. शाळेचा पत्ता 'कार्यालयाचा पत्ता' या रकान्यात जावा. राहण्याचा पत्ता म्हणजे तुमची भाड्याची खोली असेल तर ती खोली. आणि बदलीचा हुकूम हाती पडला की सामान बांधण्याच्या यादीत 'पतसंस्थेला, बँकेला, विम्याला पत्ता कळवणे' ही एक ओळ लिहून ठेवावी.

शेतकऱ्याचे काय? आंब्याची बाग पावसच्या बाजूला आणि स्वतः राहायला रत्नागिरी शहरात, असे पुष्कळ बागायतदार आहेत. पीक कर्ज किंवा किसान क्रेडिट कार्डाचा अर्ज करताना जमिनीचा ठावठिकाणा सातबारा आणि आठ-अ सांगतात. तो जमिनीच्या रकान्यात जायचा. राहण्याच्या रकान्यात शहराचाच पत्ता हवा. जमीन एका गावी आणि माणूस दुसऱ्या गावी असणे यात काही गैर नाही. ते लपवण्यात गैर आहे. सोसायटीचे सभासद असाल तर तिचे कार्यक्षेत्र कोणते आणि बिऱ्हाड हलल्याचा सभासदत्वावर काही परिणाम होतो का, हे सचिवाला आधीच विचारून घ्यावे.

काही वेळा माणूस जागचा हलत नाही, तरी पत्ता बदलतो. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि मालवण, कुडाळ, कणकवलीची गावे सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेली. त्याआधीच्या खरेदीखतावर, शाळेच्या दाखल्यावर 'जिल्हा रत्नागिरी' असे असते. आपल्या चाकरमान्याचे नालासोपारासुद्धा १ ऑगस्ट २०१४ पासून ठाणे जिल्ह्यात नाही, पालघर जिल्ह्यात आहे. अर्जावर आजचा जिल्हा लिहावा. जुना कागद जोडताना 'पूर्वीचा जिल्हा अमुक' अशी टीप द्यावी, म्हणजे कारकुनाला दोन वेगळी गावे वाटणार नाहीत.

पिनकोडही विसरू नये. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला. ही योजना आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे पंडित. रत्नागिरीच्या मुख्य टपाल कचेरीचा क्रमांक ४१५६१२, चिपळूणचा ४१५६०५. पण ४१५ हे पहिले तीन आकडे साताऱ्याकडेही आहेत. म्हणजे शेवटच्या तीन आकड्यांत एखादी चूक झाली, की आपले पत्र घाट चढून गेलेच म्हणून समजा!

आता पुष्कळांच्या मनात असलेली एक भीती. "पत्ता बदलला की माझी पत खराब होते का?" नाही. २००५ च्या कायद्याखाली आपल्या देशात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. कोणी किती कर्ज घेतले, हप्ते वेळेवर भरले का, याची नोंद तिथे असते. त्यावरून ३०० ते ९०० असा पतगुण काढतात. तो ठरतो फेडीवर, घेतलेल्या कर्जाच्या बोजावर आणि वारंवार केलेल्या अर्जांवर. चाळ सोडून ब्लॉकमध्ये गेलात म्हणून गुण वाढत नाहीत आणि गावी परतलात म्हणून कमी होत नाहीत. इंग्लंडात कर्ज मागणाऱ्याला बहुधा मागच्या तीन वर्षांचे पत्ते विचारतात आणि मतदार यादीशी ताडून पाहतात. तिथे नोंदी जुळवण्याचा मोठा धागा पत्ताच असतो. आपल्याकडे पॅन क्रमांक, जन्मतारीख, फोन हे धागे अधिक उपयोगी पडतात. म्हणून इथे जुना पत्ता नोंदीत राहिला तरी घाबरायचे कारण नाही. तो तुमचा इतिहास आहे.

घाबरायचे केव्हा? त्या अहवालात ज्या गावी आपण कधी पायही ठेवला नाही तिथला पत्ता दिसला तर. कदाचित दुसऱ्याची नोंद चुकून आपल्या नावावर आली असेल, कदाचित आपल्या नावाने कोणी कर्ज उचलले असेल. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवून पाहावा. चूक असेल तर लेखी कळवावे. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा नियम एप्रिल २०२४ पासून आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पत्ता चुकला तर खरे नुकसान कर्ज मिळण्याच्या वेळी होत नाही, ते पुढे होते. समजा, हप्त्यासाठी दिलेला धनादेश वटला नाही. कायद्याप्रमाणे घेणेकरी नोटीस पाठवतो. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले तर प्रकरण तिथेच मिटते. नाहीतर फौजदारी खटला होऊ शकतो. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला तरी २००७ च्या एका कायद्याने असाच प्रसंग ओढवतो. आता नोटीस गेली तुम्हीच दिलेल्या लालबागच्या पत्त्यावर आणि तुम्ही आहात नालासोपाऱ्याला! योग्य पत्त्यावर टपालाने रीतसर पाठवलेली नोटीस पोचली असे कायदा धरून चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली हेच सांगितले. नोटीस मिळालीच नाही म्हणणाऱ्याने समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरावी, असा मार्गही त्याच निकालात दिला आहे. पण कोर्टाची पायरी चढल्यावर मिळणाऱ्या सवलतीपेक्षा घरी आलेले साधे पत्र बरे, नाही का? घर तारण असेल तर वसुलीची साठ दिवसांची नोटीस येते. ते साठ दिवस म्हणजे बोलणी करण्याचा, सवड मागण्याचा काळ. पत्र हाती पडले नाही तर तो काळ नकळत निघून जातो.

जामीनदारांनीही हे ऐकावे. शेजाऱ्यासाठी, सहकाऱ्यासाठी सही करून आपण विसरतो. पण १८७२ च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे ठरले नसेल तर, कर्जदाराइतकीच असते. कर्जदार थकला हे जामीनदाराला कळते ते पत्रानेच. म्हणून कर्ज दुसऱ्याचे असले तरी घर बदलल्यावर आपला नवा पत्ता त्या संस्थेला आपणच कळवावा.

मग घर बदलल्यावर करायचे काय? ज्या ज्या ठिकाणी कर्ज आहे किंवा जामीन आहे त्यांची यादी करावी. प्रत्येकाला एक साधा अर्ज द्यावा: खाते क्रमांक, जुना पत्ता, नवा पत्ता, पिनकोड, बदलाची तारीख, सोबत पुरावा. दोन प्रती काढाव्यात आणि एका प्रतीवर शिक्का व तारीख घालून पोच घ्यावी. तोंडी सांगणे म्हणजे वाऱ्यावर सांगणे. जुन्या ठिकाणच्या टपाल कचेरीत अर्ज दिला तर काही काळ आपली पत्रे नव्या पत्त्यावर वळवून मिळतात. फोन क्रमांक बदलला असेल तर तोही त्याच अर्जात कळवावा. बँकेने दाद दिली नाही तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला पैसे पडत नाहीत. पतसंस्थेची तक्रार मात्र सहकार खात्याच्या निबंधकाच्या कचेरीत करायची.

गुरुजनांना एक विनंती. एखाद्या शनिवारी मुलांकडून आपापला पूर्ण पत्ता लिहून घ्या: घर, वाडी, गाव, टपाल, तालुका, जिल्हा, पिनकोड. मग विचारा, "बाबा कुठे राहतात? त्यांचा पत्ता लिहा." कित्येक मुलांना तो येणार नाही, आणि घरी जाऊन विचारले तर आजीलाही येणार नाही. त्या निमित्ताने घरातल्या भिंतीवर दोन पत्ते लिहिले गेले तर तो धडा वाया जाणार नाही.

आणि आपला चाकरमानी? त्याने पेन उचलले आणि सध्याचा पत्ता नालासोपारा, जिल्हा पालघर असा लिहिला. कायमच्या पत्त्यात गाव लिहिताना तो क्षणभर थांबला. म्हणाला, "मंग गुरुजी, गावचा पत्ता गेला नाय ना?" गेला नाही, बाबा. तो कायमचाच आहे, आणि त्याच रकान्यात शोभतो.